स्टेरॉइडनं स्नायू झिजतो, पण नेहमीच का?

दमा, संधिवातावर दिली जाणारी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोनसारखी स्टेरॉइडं व्यायामशाळेत चर्चा होते त्या स्टेरॉइडांच्या नेमकी उलट वागतात. दीर्घकाळ रोज घेतली तर मांड्या आणि खांदे अशक्त होतात, जिना चढणं जड जातं. प्रयोगशाळेत याचं कारण बरंच उलगडलं आहे. औषध पेशीतल्या ग्राहीला चिकटतं, ग्राही केंद्रकात शिरून काही जनुकं जागी करतो. २००१ मध्ये उजेडात आलेली अ‍ॅट्रोजिन-१ आणि मर्फ-१ ही त्यांतलीच. ती स्नायूतली प्रथिनं मोडीत काढायला लावतात. त्यातच नवी प्रथिनं बनण्याचा वेगही मंदावतो.

मग हीच औषधं ड्यूशेन स्नायूक्षय झालेल्या मुलांचं चालणं अधिक वर्षं का टिकवतात? तिथे दाह स्नायूचं अधिक नुकसान करत असतो, आणि औषध तो आवरतं. म्हणून स्टेरॉइडला सरसकट स्नायूचा शत्रू ठरवणं मला चुकीचं वाटतं. स्नायूची अवस्था आणि मात्रेचं वेळापत्रकही तितकंच निर्णायक आहे. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांना आठवड्यातून एकदाच मात्रा दिली, तेव्हा स्नायूची दुरुस्ती सुधारली आणि रोजच्या मात्रेनं होणारी झीज टळली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. त्यासाठीच बायोप्सीतून घेतलेल्या मानवी पेशी वाढवून तपासल्या जातात. पण बशीतल्या पेशीला ना मज्जातंतूचा आदेश मिळतो, ना शरीराचा भार पेलावा लागतो. त्यामुळे यंत्रणा समजून घ्यायला त्या विश्वासार्ह; मात्रा किती आणि केव्हा, हे मात्र रुग्णांवरच्या चाचण्यांतूनच ठरायला हवं.