नाडकर्णी, रमेशचंद्र गंगाराम

(४ एप्रिल १९३३–१७ जानेवारी २०२०). प्रख्यात भारतीय क्रिकेटपटू. डावखुरे मंदगती गोलंदाज, भरवशाचे डावखुरे फलंदाज व निर्भय क्षेत्ररक्षक. ‘बापू’ या नावानेच ते सर्वत्र ओळखले जात. कसोटी क्रिकेटमध्ये लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकण्याच्या विक्रमामुळे त्यांचे नाव अजरामर झाले. जन्म नासिक येथे. पुणे विद्यापीठाच्या संघातून ते १९५०-५१ मध्ये रोहिंटन बारिया करंडक स्पर्धेत खेळले व १९५१-५२ मध्ये महाराष्ट्राच्या संघातून त्यांनी प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये पदार्पण केले. दोन वर्षांनी मुंबईविरुद्ध ब्रेबर्न स्टेडियमवर त्यांनी नाबाद १०३ धावा काढल्या. त्या खेळीत सदाशिव पाटील यांच्यासमवेत त्यांनी अखेरच्या गड्यासाठी शतकी भागीदारी केली. पुढे ते मुंबईच्या संघात आले. १९६०-६१ मध्ये दिल्लीविरुद्ध काढलेल्या नाबाद २८३ धावा ही त्यांची सर्वोच्च खेळी होय. रणजी करंडक १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे जिंकणाऱ्या मुंबई संघाचे ते एक प्रमुख आधारस्तंभ होते.

कसोटी क्रिकेटमध्ये त्यांना प्रवेश मिळाला, तो दुसऱ्याच्या विश्रांतीमुळे. डिसेंबर १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या दिल्ली येथील सामन्यात विनू मंकड खेळत नव्हते. त्यांच्या जागी आलेल्या नाडकर्णींनी नाबाद ६८ धावा काढल्या. परंतु दीर्घकाळ गोलंदाजी करूनही त्यांना बळी मिळाला नाही आणि मंकड परतताच त्यांना जागा सोडावी लागली. मंकड हेही डावखुरे मंदगती गोलंदाज व अष्टपैलू खेळाडू असल्याने एकाच संघात दोघांना स्थान मिळणे अवघड होते. मंकड यांच्या निवृत्तीनंतरच नाडकर्णींची जागा पक्की झाली. १९५९ मध्ये दिल्ली येथे बलाढ्य ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी १०५ धावांत ६ बळी घेतले.

नाडकर्णींच्या गोलंदाजीचे मर्म अचूकतेत होते. चेंडूला मोठी उंची देऊन फलंदाजाला मोहात पाडणे अथवा हातभर वळवून चकविणे, ही त्यांची रीत नव्हती. चेंडू काहीसा सपाट मार्गाने, एकाच टप्प्यावर व यष्टींच्या रोखाने पुनःपुन्हा टाकायचा आणि फलंदाजाला पुढे येऊन फटका मारण्यास वा मागे सरून तडाखा देण्यास सवडच द्यायची नाही, हे त्यांचे तंत्र होते. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर एक नाणे ठेवून त्यावर चेंडू टाकण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती, असे सांगतात. अशा गोलंदाजाचा उपयोग दुहेरी असतो : एक बाजू तो रोखून धरतो, तेव्हा दुसऱ्या बाजूच्या गोलंदाजाला धावांची फारशी फिकीर न करता बळींसाठी प्रयत्न करता येतो, आणि धावा न मिळाल्याने उतावीळ झालेला फलंदाज त्या दुसऱ्या बाजूला चूक करतो. मात्र अशा वेळी बळी दुसऱ्याच्या नावावर जमा होतो आणि धावफलकात या कामगिरीची पुरेशी नोंद होत नाही.

पाकिस्तानविरुद्धच्या १९६०-६१ च्या मालिकेत कानपूर येथे त्यांनी ३२ षटकांत २३ धावा, तर दिल्ली येथे ३४ षटकांत २४ धावा दिल्या. या तंत्राची परमावधी जानेवारी १९६४ मध्ये मद्रास (आताचे चेन्नई) येथे इंग्लंडविरुद्ध दिसून आली. इंग्लंडचे अनेक खेळाडू पोटाच्या विकाराने त्रस्त होते. ब्रायन बोलस व केन बॅरिंग्टन यांनी बचावावरच भर दिला. त्या डावात नाडकर्णींनी ३२ षटके टाकली. त्यांपैकी २७ निर्धाव ठरली आणि अवघ्या ५ धावा निघाल्या. बळी मात्र एकही मिळाला नाही. सलग १३१ चेंडूंवर त्यांनी एकही धाव दिली नाही. दक्षिण आफ्रिकेचा ह्यू टेफील्ड याने १९५७ मध्ये डर्बन येथे सलग १३७ चेंडू निर्धाव टाकले होते. पण तेव्हा तेथे षटक आठ चेंडूंचे असल्याने निर्धाव षटकांचा उच्चांक नाडकर्णींकडेच राहिला. त्याच मालिकेत कानपूर येथे भारतावर फॉलो-ऑनची आपत्ती आली असता त्यांनी नाबाद ५२ व नाबाद १२२ धावा काढून सामना अनिर्णित राखण्यात मोठा वाटा उचलला. त्यांचे हे एकमेव कसोटी शतक होय.

त्यांच्या खेळावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. धावा रोखल्याने पराभव टळतो, पण सामना जिंकण्यासाठी प्रतिपक्षाचे गडी बाद करावे लागतात. पाकिस्तान व इंग्लंड यांच्याविरुद्धच्या वरील दोन्ही मालिकांतील पाचही सामने अनिर्णित राहिले, हे खरेच आहे. नाडकर्णींना एका कसोटी बळीसाठी सरासरीने १०४ चेंडू टाकावे लागले. तथापि या आक्षेपाला त्यांच्याच कामगिरीत उत्तर सापडते. ऑक्टोबर १९६४ मध्ये मद्रास येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी दोन्ही डावांत मिळून १२२ धावांत ११ बळी घेतले. तरीही फलंदाजी अपुरी पडून भारत हरला. १९६८ मध्ये वेलिंग्टन येथे त्यांनी न्यूझीलंडचे ६ बळी ४३ धावांत टिपले व भारताने तो सामना जिंकला. ही मालिका भारताने ३–१ अशी जिंकली. परदेशातील हा भारताचा पहिलाच मालिकाविजय होता. तोवर बिशनसिंग बेदी यांचा उदय झाला होता आणि या दौऱ्यानंतर नाडकर्णी कसोटी क्रिकेटमधून निवृत्त झाले. खेळपट्टी साथ देई तेव्हा ते बळी घेत. ती साथ देत नसे तेव्हा ते धावा नाकारीत.

एकूण ४१ कसोटी सामन्यांत त्यांनी २५·७० च्या सरासरीने १,४१४ धावा काढल्या व २९·०७ च्या सरासरीने ८८ बळी घेतले. षटकामागे त्यांनी सरासरी केवळ १·६७ धावा दिल्या. प्रथम श्रेणीच्या १९१ सामन्यांत त्यांच्या ८,८८० धावा व ५०० बळी आहेत. मर्यादित षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांचा आरंभ १९७१ मध्ये, म्हणजे त्यांच्या निवृत्तीनंतर झाला. चेंडूगणिक धावांचा हिशेब ठेवणाऱ्या या प्रकारात त्यांच्या कंजूष गोलंदाजीचे मोल अधिकच वाढले असते.

स्वभावाने ते कणखर व चिकाटीचे होते. फलंदाजाच्या अगदी निकट, शिरस्त्राण नसलेल्या काळात, ते क्षेत्ररक्षणास उभे राहत आणि अंगावर चेंडू झेलून झालेल्या दुखापतींची तमा बाळगीत नसत. १९८०-८१ च्या ऑस्ट्रेलिया–न्यूझीलंड दौऱ्यात ते भारतीय संघाचे साहाय्यक व्यवस्थापक होते. ‘छोडो मत’, म्हणजे हार मानू नका, हे त्यांचे आवडते बोल तरुण खेळाडूंच्या चांगलेच स्मरणात राहिले. मुंबई येथे वृद्धापकाळाने त्यांचे निधन झाले.