फेरो बेटांवरची ९८ म्हातारी माणसं

१८४६ च्या मार्चअखेर कोपनहेगनहून आलेला एक सुतार फेरो बेटांवर उतरला. नॉर्वे आणि आइसलँडच्या मध्ये उत्तर अटलांटिकमध्ये विखुरलेली ही १८ बेटं तेव्हा डेन्मार्कच्या अमलाखाली होती, वस्ती जेमतेम ७,८००. सुताराच्या अंगात गोवर होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. काही दिवसांत तो आजारी पडला, मग त्याच्या उठण्याबसण्यातले दोघं आजारी पडले, आणि पुढच्या काही महिन्यांत बेटांवरच्या सुमारे ६,००० माणसांना गोवर निघाला. तान्ही मुलं, कर्ते पुरुष, सत्तरीच्या आज्या, कोणतंच वय सुटलं नाही. कारण या बेटांवर त्याआधी गोवर आला होता तो १७८१ मध्ये. मधली ६५ वर्षं कोरडी गेली होती.

डॅनिश सरकारने दोन तरुण डॉक्टर पाठवले. त्यांतला पीटर लुडविग पानुम अवघा २५ वर्षांचा. औषधाने गोवर हटेल अशी त्या काळी सोयच नव्हती, पण पानुमकडे चौकसपणा भरपूर होता. होडीने आणि पायी तो गावोगाव फिरला आणि कोणाला कधी, कोणापासून लागण झाली ते टिपत गेला. चोर्नुविक नावाच्या गावातले दहा जण ४ जूनला होडी घेऊन वेस्टमन्नाला देवमाशांच्या शिकारीत सामील झाले होते. १८ जूनला त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठलं. लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात, हे गणित पानुमने असं एकेका गावातून जुळवत आणलं. विषाणू ही कल्पनासुद्धा जन्मली नव्हती तेव्हाची ही गोष्ट आहे.

पण त्याची सगळ्यात मोलाची नोंद म्हाताऱ्यांबद्दलची आहे. १७८१ च्या साथीत लहानपणी गोवर येऊन गेलेली बरीच माणसं अजून हयात होती. पानुमने त्यांची कसून चौकशी केली. त्यांतल्या एकालाही दुसऱ्यांदा गोवर झाला नव्हता. अशी ९८ माणसं तर त्याने स्वतः पाहिली. उलट त्याच वयाच्या, पण १७८१ मध्ये गोवर न झालेल्या म्हाताऱ्यांना मात्र त्याने गाठलंच. म्हणजे म्हातारपणामुळे गोवर टळत नव्हता. लहानपणी एकदा भेटलेल्या रोगाची ओळख त्या देहांनी जपली होती, आणि तीही मधल्या काळात एकदाही उजळणी न होता. ‘एकदा गोवर येऊन गेला की पुन्हा येत नाही’ हे आपल्याकडच्या आयाबायांना ठाऊक होतंच. पण निसर्गाने इतका नेटका प्रयोग करून दाखवावा आणि तो वाचणारा माणूस नेमका तिथे हजर असावा, असं क्वचितच घडतं.

आता प्रश्न असा, की ६५ वर्षं त्या माणसांच्या अंगात नेमकं टिकलं काय?

पहिलं उत्तर सुचतं ते प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटिबॉडींचं. रक्तात फिरणारे हे प्रथिनांचे रेणू विषाणूला चिकटतात आणि त्याला पेशीत शिरू देत नाहीत. पण प्रतिपिंड अल्पायुषी असतं. रक्तातल्या मुख्य प्रकारच्या प्रतिपिंडांपैकी निम्मी साधारण तीन आठवड्यांत नाहीशी होतात. ६५ वर्षं सोडा, ती वर्षभरही पुरणार नाहीत. तेव्हा त्यांच्यामागे ती सतत घडवणारं काहीतरी जिवंत असलं पाहिजे. आणि गोवर कधी पाहिलाच नाही अशा शरीराला गोवराला नेमकं चिकटणारं प्रतिपिंड मुळात बनवता कसं येतं, हा तर त्याहून मोठा पेच.

हा पेच सुटला १९७६ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे. सुसुमु तोनेगावा या जपानी शास्त्रज्ञाने उंदराच्या गर्भातल्या पेशींचा डीएनए आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींचा डीएनए शेजारी ठेवून ताडून पाहिला. शरीरातल्या प्रत्येक पेशीत तोच डीएनए जसाच्या तसा असतो, अशी तोवर बहुतेकांची धारणा. पण इथे दोन्हींची मांडणी वेगळी निघाली. प्रतिपिंडं बनवणाऱ्या ‘बी’ पेशीने वाढता वाढता स्वतःच्याच डीएनएचे काही तुकडे कापून काढले होते आणि उरलेले नव्याने जोडले होते. १९८७ मध्ये तोनेगावांना याबद्दल नोबेल मिळालं.

प्रतिपिंडाच्या रेणूत प्रथिनांच्या मोठ्या आणि लहान साखळ्या असतात. माणसात मोठ्या साखळीसाठी डीएनएचे तीन जातींचे तुकडे असतात: एका जातीचे साधारण ४०, दुसरीचे २३, तिसरीचे ६. प्रत्येक बी पेशी प्रत्येक जातीतला एकेक तुकडा उचलते, तोही कसल्याही हेतूशिवाय, निव्वळ योगायोगाने. सांधताना मध्ये डीएनएचं एखादं-दुसरं अक्षर वाढतं किंवा गळतं. लहान साखळीचीही अशीच जुळणी होते. मूठभर व्यंजनांना काना-मात्रा-वेलांट्या लावून जसे अगणित शब्द होतात, तशी या थोड्याशा तुकड्यांतून अब्जावधी वेगवेगळी प्रतिपिंडं होऊ शकतात. माणसाची एकूण जनुकं आहेत जेमतेम २०,००० च्या आसपास! एकेका रोगासाठी एकेक जनुक ठेवायचं म्हटलं असतं तर हिशोब कधीच बसला नसता.

म्हणजे गोवराला ओळखू शकणारी पेशी गोवर येण्याच्या आधीच अंगात असते. एवढंच नाही, जे रोग अजून जन्मालाच आलेले नाहीत त्यांना ओळखू शकतील अशाही पेशी या क्षणी आपल्या रक्तात फिरत आहेत. मला शरीरशास्त्रातलं सगळ्यात विलक्षण सत्य हेच वाटतं. पुढे काय येणार हे ठाऊक नसताना तयारी करायची, तर ती सगळ्या शक्यतांची करावी लागते, आणि शरीर तेच करतं. त्याची किंमतही मोजतं: या योगायोगातून आपल्याच शरीरावर उलटतील अशाही पेशी तयार होतात, त्यांना वेळीच बाद करावं लागतं. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी आहे. बी पेशींसारख्याच योगायोगाने घडणाऱ्या, पण लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या ‘टी’ पेशींची तिथे परीक्षा होते. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक पेशी तिथेच मरतात.

चाळणीतून उरलेल्या पेशींची नेमणूक कशी होते हे पाहायचं तर लसिका ग्रंथीत डोकवावं लागतं. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, घसा बसला की जबड्याखाली गाठ लागते. ती गाठ म्हणजे कामाने फुगलेली लसिका ग्रंथी. विषाणूचे तुकडे तिथे आणून दाखवले जातात. शेकडो कोटी बी पेशींपैकी ज्या थोड्यांना ते तुकडे जुळतात, त्या भराभर विभागू लागतात. विभागताना त्या आपल्या प्रतिपिंडाच्या जनुकात मुद्दाम चुका करत जातात, एरवीच्या मानाने सुमारे दहा लाख पट वेगाने. बहुतेक चुकांनी पकड सैल होते आणि ती पेशी मरते. एखाद्या चुकीने पकड घट्ट होते, ती पेशी जगते आणि तिची पिलावळ पुढे सरकते. जी उत्क्रांती सृष्टीत लाखो वर्षं चालते तिची एक आवृत्ती मुलाच्या जबड्याखालच्या हरभऱ्याएवढ्या गाठीत दोन-तीन आठवड्यांत उरकते.

यांतल्या निवडक पेशी हाडांच्या मगजात जाऊन ठाण मांडतात. तिथे बसून त्या वर्षानुवर्षं प्रतिपिंडं रक्तात सोडत राहतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी काही माणसांच्या जपून ठेवलेल्या रक्ताचे जुने-नवे नमुने तपासून ही पातळी किती वेगाने उतरते ते काढलं. धनुर्वाताविरुद्धची प्रतिपिंडं निम्म्यावर यायला सुमारे ११ वर्षं लागतात, घटसर्पाविरुद्धची १९. गोवराचा आकडा आला २०० वर्षांहून जास्त. माणूस संपेल, पण ही पातळी निम्म्यावर येणार नाही! पानुमच्या म्हाताऱ्यांच्या हाडांत काय होतं ते इथे कळतं. पुढच्याच वर्षी १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीतून वाचलेल्या ३२ जणांचं रक्त तपासलं गेलं. वयं ९१ ते १०१. त्या विषाणूला ओळखणारी प्रतिपिंडं सगळ्यांकडे होती, आणि काहींच्या रक्तात ती बनवू शकणाऱ्या पेशीही जिवंत सापडल्या. त्या पेशींपासून मिळवलेल्या प्रतिपिंडांनी १९१८ च्या विषाणूपासून उंदरांना वाचवलं.

गोवराची गोष्ट इथे संपली असती तर छानच होतं. पण तिला दुसरी बाजू आहे, आणि ती अंगावर काटा आणणारी आहे.

१९०८ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर क्लेमेन्स फॉन पिर्के यांच्या एक गोष्ट लक्षात आली. क्षयाचे जंतू अंगात असलेल्या मुलांच्या त्वचेची ट्युबरक्युलिन चाचणी केली की तिथे लाली येते. त्याच मुलांना गोवर निघाला की ती लाली येईनाशी होते. क्षयाशी झालेली ओळख जणू शरीर विसरून गेलं. कारण हाती यायला जवळजवळ शतक लागलं. २००० मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं, की गोवराचा विषाणू पेशीत शिरायला ज्या रेणूचा आधार घेतो तो रोगप्रतिकारक पेशींच्याच पृष्ठभागावर असतो. जुन्या रोगांची ओळख सांभाळणाऱ्या पेशींवर तर तो भरपूर. म्हणजे हा विषाणू श्वासातून आत येतो तो पुरळ उठवायला नव्हे, लसिका ग्रंथी गाठायला. पुरळ उठतं ते नंतर, टी पेशी त्वचेतल्या लागण झालेल्या पेशी मारू लागतात तेव्हा. ज्या मुलांची ही प्रतिकारशक्तीच दुबळी असते त्यांच्या अंगावर कधीकधी पुरळ येतच नाही, आणि गोवर आतल्या आत जिवावर उठतो. पण याच साफसफाईत जुन्या ओळखी जपणाऱ्या पेशीही मारल्या जातात, कारण विषाणू त्यांच्यात दडलेला असतो.

२०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये धार्मिक कारणांनी लस न घेणाऱ्या वस्त्यांत गोवराची साथ आली. तिथल्या ७७ मुलांचं साथीआधीचं आणि नंतरचं रक्त संशोधकांकडे होतं. २०१९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: वेगवेगळ्या जंतूंविरुद्ध या मुलांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकली होती. सर्दी, न्यूमोनिया, जुलाब अशा एकेका आजारातून उठून जमवलेली पुंजी एका आजारात गेली. त्याआधी, २०१५ मध्ये, काही देशांच्या जुन्या नोंदींवरून दिसलं होतं, की गोवराच्या साथीनंतर दोन-तीन वर्षं मुलं इतर संसर्गांनी जास्त दगावतात. मृत्यूच्या दाखल्यावर गोवराचं नाव नसतं, पण वाट त्यानेच करून दिलेली असते.

आणि तरीही तो स्वतःची ओळख मात्र जन्मभरासाठी ठेवून जातो. जुन्या पेशी मरत असतानाच त्याच्याविरुद्धच्या नव्या पेशी जन्मत असतात, आणि त्याच मागे टिकतात.

लसीतला विषाणूही जिवंत असतो, पण दुबळा केलेला. तो गोवराची ओळख करून देतो आणि बाकीच्या ओळखींना धक्का लावत नाही. जगभरातल्या मुलांना मिळणाऱ्या गोवराच्या लसीचा मोठा वाटा पुण्यात तयार होतो. तरी २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीत गोवर पसरला आणि मुलं दगावली. गोवराचा विषाणू बंद खोलीतल्या हवेत दोन तास टिकू शकतो, अशा वस्तीत तो थांबणार तरी कुठे?

त्या साथीत एक अवघड प्रश्न होता तो नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांचा. आपल्याकडे गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, कारण आईने आपल्या रक्तातून दिलेली प्रतिपिंडं तोवर बाळाच्या अंगात असू शकतात. ती बाळाला राखतात, पण लसीतल्या विषाणूलाही गाठून निकामी करतात. मग बाळाच्या स्वतःच्या पेशींना शिकायला काही उरत नाही. लवकर दिला तर डोस वाया जाण्याची भीती, उशीर केला तर गोवर आधी गाठण्याची. म्हणून जिथे नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना बरीच लागण होत होती, तिथे सहाव्या महिन्यापासूनच एक जादा डोस द्यायला केंद्राने सांगितलं. तो डोस हिशोबात धरत नाहीत. नऊ महिन्यांचा आणि पुढे १६ ते २४ महिन्यांमधला, हे दोन्ही डोस त्या बाळाला नंतर द्यावेच लागतात.