जुन्या चाकूची मूठ

बारामती-इंदापूरकडील जुन्या घरांत माळ्यावरील पेटी उघडली म्हणजे तींत एखादा घडीचा चाकू पुष्कळदां सांपडतो. आजोबांनीं कधीं काळीं त्यानें बोरू तासलेला असतो, नाहीं तर पेरू कापलेला. पात्यावर शेफील्ड किंवा सोलिंगेन या शहराचें नांव असतें आणि मूठ पिवळसर पांढरी. “ही हस्तिदंताची,” असें वडील मंडळी अभिमानानें सांगतात. ती सेल्युलॉइडची असण्याचाही बराच संभव असतो.

हस्तिदंतास पर्याय शोधतां शोधतां अमेरिकेंतील जॉन वेस्ली हयात यानें १८७० सालीं या पदार्थाचें पेटंट घेतलें. कापसाच्या तंतूंवर नत्राम्ल व गंधकाम्ल यांची क्रिया करावी आणि होणारा पदार्थ कापुराबरोबर मळावा, म्हणजे सेल्युलॉइड तयार होतें. तापलें कीं मऊ, निवलें कीं टणक, आणि रंग हवा तो द्यावा! कारखानदारांनीं त्याचेंच शिंग केलें, त्याचेंच कासवाचें कवच केलें व मोत्याच्या शिंपल्याची झांकही त्यावर आणली. नक्कल म्हणून त्यास कमी लेखण्याचें आम्हांस कारण दिसत नाहीं.

परीक्षेसाठीं प्रथम भिंग घ्यावें. हाडावर बारीक काळसर टिपके व रेघोट्या दिसतात. त्या रक्तवाहिन्यांच्या वाटा होत. हस्तिदंताच्या आडव्या छेदांत वक्ररेषा एकमेकींस छेदून जाळी करतात. नकली हस्तिदंतांत मात्र रेषा पट्टीनें आंखल्याप्रमाणें सरळ व समांतर असतात. निसर्ग इतकी शिस्त क्वचितच पाळतो. नंतर मूठ अंगठ्यानें जोरानें घासावी व ऊब येतांच नाकाशीं धरावी. कापुराचा वास आला तर ती बहुधा सेल्युलॉइडचीच. वास आला नाहीं एवढ्यावरून मात्र उलट निर्णय करूं नये, कारण कापूर वर्षानुवर्षें उडून जात असतो.

तापलेली सुई टोंचून पाहण्याची युक्ति कोणी सांगेल. ती मुलांनीं तर नाहींच, मोठ्यांनींही करूं नये. सेल्युलॉइड हा बंदुकीच्या कापसाचा भाऊबंद असून त्याचा भडका क्षणांत होतो. जुन्या चित्रपटांच्या फितीही याच पदार्थाच्या असत. पुण्यास २००३ सालीं अशा फितींच्या कोठारास आग लागून मराठी चित्रपटांचा मोठा ठेवा जळून गेला.

परंतु घरांत आगीपेक्षां त्याची दुसरी खोड अधिक नडते. आपल्याकडील उन्हाळ्यांत पत्र्याखालचा माळा भट्टीसारखा तापतो. त्या उष्णतेनें जुनें सेल्युलॉइड कुजूं लागतें व त्यांतून नत्राचे वायु सुटतात. हवेंतील ओलाव्याशीं त्यांचा संयोग झाला कीं पुन्हां आम्लच! पातें मुठीच्या बाजूनें गंजतें, पितळी खिळ्यांवर हिरवा थर येतो. चमत्कार असा कीं, त्याच बंद डब्यांत ठेवलेला शिंगाच्या मुठीचा निर्दोष चाकूही गंजतो. मुठीस चौकोनी चिरा पडल्या, ती चिकट झाली किंवा नाकास झोंबणारा आंबट वास आला, तर रोग जडला असें समजावें.

तो थांबविण्याचा उपाय नाहीं. मंदावतां मात्र येतो. असा चाकू इतरांपासून वेगळा काढावा, पातें पुसून तेलाचा हलका हात द्यावा आणि प्लॅस्टिकच्या पिशवींत न कोंडतां साध्या कागदांत सैल गुंडाळून थंड, हवेशीर कपाटांत ठेवावा. चूल आणि देवघरांतील समई यांपासून दूर.