कर्नाळ्याला जाताय? आधी तिबोटी खंड्याचं घर कुठे असतं ते समजून घ्या

पनवेलपासून साधारण १२ किलोमीटरवर, मुंबई-गोवा महामार्गालगत कर्नाळा पक्षी अभयारण्य आहे. १९६८ मध्ये घोषित झालेल्या या जंगलात पावसाळ्यात विणीसाठी येतो तिबोटी खंड्या, रायगडचा जिल्हा पक्षी. पायाला तीनच बोटं, म्हणून हे नाव.

हा इवलासा, रंगीबेरंगी पक्षी फांदीवर घरटं बांधत नाही. ओढ्याकाठच्या मातीत बोगदा खोदून तो आत अंडी घालतो.

अडचण इथेच आहे. पावसाळी सहलींची गर्दीही याच दिवसांत होते. काठावर माणसं रेंगाळली की चोचीत खाऊ घेऊन आलेले पालक बोगद्यात शिरायचं टाळतात. पिल्लं उपाशी राहतात.

म्हणून पायवाट सोडू नका, घरटं दिसलं तरी फोटोसाठी जवळ जाऊ नका आणि त्याचं लोकेशनही शेअर करू नका.