दोष मुलाचा नव्हे, शिकविण्याच्या रीतीचा!

१४ एप्रिलला जालन्यात मस्तगडावर परमपूज्य बाबासाहेबांच्या पुतळ्याला अभिवादन करण्यासाठी वस्त्या-वस्त्यांतून माणसे लोटतात. शुभ्र साड्या नेसलेल्या माताभगिनी, बापाच्या खांद्यावर बसलेली लेकरे! पण त्या गर्दीत मतिमंद, स्वमग्न, मूकबधिर मुले किती दिसतात? ती आपल्या वस्तीत नाहीत असे नाही, ती घरात ठेवलेली असतात. “लोक हसतात”, “मागच्या जन्माचे भोग आहेत”, असे म्हटले जाते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा घेऊन दैववादाला मूठमाती देणाऱ्या समाजाच्या तोंडी ही भाषा शोभत नाही.

एका भिक्खूची गोष्ट

धम्मपदाच्या अट्ठकथेत चुल्लपंथकाची गोष्ट आहे. राजगृहाच्या श्रेष्ठीची मुलगी आणि तिच्या घरचा नोकर यांचा हा मुलगा. वाटेत जन्मला म्हणून नाव पंथक. तो थोरल्या भावामागे संघात आला, पण चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ होईना. शेवटी भावानेच सांगितले, “तुला जमणार नाही, घरी जा.” रडत निघालेल्या चुल्लपंथकाला तथागतांनी जवळ बसविले. त्याच्या हाती एक स्वच्छ पांढरे कापड दिले आणि ते हाताने चोळत ‘रजोहरणं’ एवढाच शब्द म्हणायला सांगितले. चोळता चोळता कापड मळले. सर्व काही बदलते, हे त्याने स्वतःच्या हातात पाहिले आणि तो अर्हत झाला.

कथेतला चमत्काराचा भाग बाजूला ठेवू. थोरल्या भावाने शिष्य नापास ठरविला, तथागतांनी शिकविण्याची रीत बदलली. पाठांतराऐवजी हात आणि डोळे कामाला लावले. विशेष शिक्षणाचे सूत्र आजही हेच आहे.

घरात आणि वर्गात

आधी मुलाचे कान आणि डोळे तपासून घ्या. कित्येकदा ‘मंद’ म्हणून हिणवलेल्या मुलाला फळाच दिसत नसतो किंवा बाईंचा आवाजच ऐकू येत नसतो. अशा मुलाला पुढे बसवावे. गुरुजींनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, कारण मूल ओठांकडे पाहून अर्थ लावत असते.

कामाचे तुकडे करा. शर्ट घालणे आपल्याला एक काम वाटते, पण मुलाच्या दृष्टीने ती सात-आठ कामे आहेत. सुरुवातीला सर्व काही आईने करावे, फक्त शेवटचे बटण मुलाकडून लावून घ्यावे. ते जमले की शेवटची दोन. दर वेळी काम त्याच्या हातून पुरे होते, म्हणून त्याला हुरूप येतो.

वस्तू आधी, अक्षर नंतर. ‘पाच’ शिकवायचे तर पाच चिंचोके हातात द्या, टोपलीत पाच भाकरी मोजून ठेवायला सांगा. काचपेपरची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि त्यावरून बोट फिरवू द्या. डॉ. मारिया माँटेसरी यांची सुरुवातही रोममध्ये १९०० च्या सुमारास अशाच मुलांना शिकविण्यापासून झाली. खरखरीत अक्षरांची ही पद्धत पुढे जगभरच्या बालवाड्यांत गेली.

एका वेळी एकच सूचना द्या. “दप्तर आण, वही काढ, तारीख लिही” या तीन सूचना झाल्या. एक सूचना देऊन मनातल्या मनात दहा आकडे मोजा, तोवर ओरडू नका. स्वमग्न मुलाला दिवसाचा क्रम बदलला की भीती वाटते. त्याच्यासाठी तांब्या, ताट, दप्तर, अंथरूण अशी चित्रे क्रमाने भिंतीवर लावा. जमले की लगेच शाबासकी द्या. भावंडांशी तुलना आणि मारहाण करू नका. माराने मूल फक्त भीती शिकते.

रोलिंग मिलमध्ये पाळी करणाऱ्या बापाला आणि धुणीभांडी करणाऱ्या आईला वेळ कुठला? रोज ठरल्या वेळी पंधरा मिनिटे पुरेत, पण ती चुकवू नयेत. चाळीस मुलांच्या वर्गात गुरुजींनी अशा मुलाशेजारी एक समजूतदार जोडीदार बसवावा. घर आणि शाळा यांच्यामध्ये एक वही फिरती ठेवावी. आईबापांना लिहिता येत नसेल तर थोरल्या मुलीने लिहावे.

हक्काचे कागद

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ आहेत. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेला केवळ दिव्यांग म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रमाणपत्रासाठी ‘स्वावलंबन’ संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो, मग सरकारी रुग्णालयात तपासणी होते. जे मूल शाळेत जाऊच शकत नाही, त्याच्यासाठी समग्र शिक्षा योजनेत घरी शिकविण्याची तरतूद आहे, तिची शाळेत चौकशी करा. परीक्षेसाठी लेखनिक आणि तासाला २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची सोय आहे. त्यासाठी मुख्याध्यापकांकडे वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज द्या.

कारकुनाच्या नोकरीत एक गोष्ट पक्की कळली. तोंडी नकाराची नोंद कुठेच राहत नाही. “हे मूल इथे चालणार नाही” असे कुणी म्हणाले तर तेच लेखी मागा. आपला अर्ज लेखी द्या, पोच घ्या आणि एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना द्या.

शाळेत वेगळे बसविले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगावे लागत नाही. बाबासाहेबांना तरटावर वेगळे बसावे लागले होते. मग आपल्याच घरातल्या लेकराला आपण वेगळे का बसवावे? विहारातील महिला मंडळांनी रविवारच्या वंदनेला या मुलांना आवर्जून बोलवावे. चटई अंथरणे, फुले वाहणे, मेणबत्ती लावणे ही कामे त्यांच्या हाती द्यावीत. येत्या रविवारी आपल्या गल्लीतले एक तरी मूल विहारात घेऊन या.

जयभीम!