पाणीवांटपाची शेतकऱ्यांची रीत

मुळशी पेट्यांत १९२१ सालीं सत्याग्रह झाला, तो धरणांत बुडणाऱ्या जमिनींसाठीं. पुढें धरण झालें आणि तेथील पाणी घाटाखालीं भिऱ्याच्या वीजघराकडे वळलें. तें कोणास किती द्यावें, हें शेतकऱ्यांनीं ठरविलें नाहीं. हा निवाडा त्यांच्याच हातीं असला म्हणजे ते काय पसंत करितात, हें खानदेश व बागलाण येथील फडपद्धतीवरून कळतें.

पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर बंधारे घालून पाटानें पाणी नेत. भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडून एका फडांत एकच पीक घेत. बहुधा प्रत्येक खातेदाराची जमीन निरनिराळ्या फडांत असे. त्यामुळें अवर्षणांत एखादा फड कोरडा ठेविला, तरी तूट सर्वांच्याच वांट्यास येई. पाणी देण्याचें काम पाटकऱ्याकडे असे. मोठ्या वांट्यापेक्षां समान तूट बरी, हाच या व्यवस्थेचा आशय होय.

पुणें जिल्ह्यांतच, पुरंदर तालुक्यांत, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनीं उभारलेल्या पाणी पंचायतीनें हें तत्त्व आणखी पुढें नेलें. तेथें जमिनीच्या मानानें नव्हे, तर माणशीं अर्ध्या एकराचें पाणी ठरलें. भूमिहीनांसही हक्क मिळाला व उंसास मनाई झाली.

वतनाच्या सनदा आपण जपतों. जुनीं दप्तरें चाळतांना पाटकऱ्याच्या हिशेबाचा अथवा पाण्याच्या पाळीचा एखादा कागद आढळल्यास तोही रद्दींत जाऊं देऊं नये. हक्क कोणास मिळाला हें सनद सांगते. टंचाईंत तो कसा वांटून घेतला, हें असा कागदच सांगूं शकेल.