घरगुती टाकाऊ प्लास्टिक, उद्यानरचना आणि सूर्यप्रकाश

तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा वरून कापून त्यात तुळस अथवा गुलाबाचे कलम लावण्याची रीत महाराष्ट्रातील घरांत जुनी आहे. असा डबा काही वर्षांत गंजतो, त्याचा तळ झडतो आणि तो मातीत मिसळून जातो. लोहाची ऑक्साइडे मातीत मुळातच असल्यामुळे या मिसळण्याने काही बिघडत नाही. डब्याची जागा पुढे प्लास्टिकच्या कॅनने व बाटलीने घेतली. रीत मात्र तीच राहिली. बाटल्यांच्या झुलत्या कुंड्या, बाटल्या उलट्या पुरून केलेले वाफ्यांचे काठ, झाकणांची भिंतीवरील नक्षी, वितळवलेल्या पिशव्यांच्या फरश्या आणि टाकाऊ प्लास्टिकच्या फळ्यांची बाके हे सर्व तिचेच विस्तार होत. या प्रकारांच्या पुरस्कारार्थ सामान्यतः असे सांगितले जाते की, प्लास्टिक कुजत नाही, म्हणून ते बागेत टिकते. या विधानाचा पूर्वार्ध बराचसा खरा आहे. उत्तरार्ध मात्र त्यातून निष्पन्न होत नाही. कुजणे ही सूक्ष्म जीवांची क्रिया आहे. उघड्यावर ठेवलेल्या प्लास्टिकचा नाश प्रामुख्याने सूर्यप्रकाश करतो, आणि बाग म्हणजे घराच्या आवारातील सर्वांत अधिक ऊन असलेली जागा होय.

भूपृष्ठावर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात सुमारे 290 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण असतात. शुद्ध पॉलिएथिलिनाने हे किरण शोषून घ्यावयास नकोत, कारण त्याच्या साध्या कार्बन-हायड्रोजन साखळीत ते शोषणारा गटच नाही. परंतु व्यवहारातील पॉलिएथिलीन कधीच इतके शुद्ध नसते. निर्मितीच्या वेळी राहिलेले उत्प्रेरकाचे अंश, वितळवून साच्यात घालताना हवेच्या संपर्काने तयार झालेले कार्बोनिल व हायड्रोपेरॉक्साइड गट, हे सर्व किरण शोषतात आणि त्यांतून मुक्त मूलके निर्माण होतात. मूलकाशी ऑक्सिजनाचा संयोग होतो. त्यातून बनलेले पेरॉक्सी मूलक शेजारच्या साखळीतून एक हायड्रोजन अणू हिरावून घेते. अशा रीतीने बनलेला हायड्रोपेरॉक्साइड गट उन्हात पुन्हा फुटून आणखी दोन मूलके देतो. क्रिया स्वतःच स्वतःचा वेग वाढविते. म्हणूनच प्लास्टिकची वस्तू दीर्घकाळ जशीच्या तशी दिसते आणि मग थोड्याच काळात एकदम ठिसूळ होते.

ठिसूळपणाचे कारण वस्तुमानातील घट नव्हे. पॉलिएथिलिनाच्या अंतर्रचनेत स्फटिकमय पापुद्रे असतात व त्यांना एकत्र बांधून ठेवणाऱ्या लांब साखळ्या त्यांच्यामधून गेलेल्या असतात. या बांधणाऱ्या साखळ्यांपैकी थोड्या जरी तुटल्या तरी वस्तूची चिवटता नाहीशी होते. वजन मात्र जवळजवळ तेवढेच राहते. तुटलेले तुकडे अधिक सुबकपणे रचले जाऊन पृष्ठभाग आकसतो, त्यावर बारीक भेगांचे जाळे पडते आणि बोट फिरविल्यास पांढरी भुकटी हाताला लागते. पॉलिप्रोपिलिनात ही क्रिया आणखी त्वरेने घडते, कारण त्याच्या साखळीत प्रत्येक दुसऱ्या कार्बनावर सहज निघू शकणारा तृतीयक हायड्रोजन असतो. गच्चीवर ठेवलेली धान्याची विणीची गोणी एकदोन उन्हाळ्यांनंतर उचलू जाता हातातच तिच्या काड्या होतात, हा अनुभव पुष्कळांस असेल; ते पॉलिप्रोपिलीनच होय. पाण्याच्या बाटलीचे पॉलिएथिलीन टेरेफ्थॅलेट, म्हणजे पीईटी, साधारण 315 नॅनोमीटरखालील किरण स्वतःच शोषून घेते. त्यामुळे त्याची हानी वरच्या थरापुरती राहते, ते पिवळसर पडते आणि कालांतराने तडकते. बाटलीची भिंत मिलिमीटरभरही जाड नसल्यामुळे ‘वरचा थर’ या शब्दांना तेथे फारसा अर्थ उरत नाही.

या नाशावर उपाय नाही असे नव्हे. शेतात ठिबक सिंचनाच्या नळ्या काळ्या असतात त्या काही मळ दिसू नये म्हणून नव्हे. पाणीपुरवठ्याच्या उच्च घनतेच्या पॉलिएथिलीन नळांविषयीच्या भारतीय मानक 4984 प्रमाणे त्यांत सुमारे 2.5 टक्के काजळी असावी लागते. बारीक विखुरलेली काजळी किरण शोषून त्यांची उष्णता करते आणि काही मूलकांना पकडूनही ठेवते. घरगुती वस्तूंत मात्र ही सोय केलेली नसते. पाण्याची बाटली काही दिवसांच्या व दुधाची पिशवी एका सकाळच्या उपयोगासाठी बनविलेली असते, आणि उत्पादकाने तीत प्रकाशरोधक द्रव्य घालण्याचा खर्च करावा असे कोणतेही प्रयोजन नाही. एका सकाळीच्या आयुष्याची वस्तू दहा वर्षांच्या उन्हात मांडणे ही या सर्व उद्यानकलेतील मूळ विसंगती आहे.

या ठिकाणी चंडीगढच्या रॉक गार्डनचा दाखला नेहमी दिला जातो. नेकचंद यांनी 1957च्या सुमारास गुपचूप आरंभिलेले आणि 1976 मध्ये लोकांस खुले झालेले हे उद्यान टाकाऊ वस्तूंतून उभे राहिले, हे खरे. परंतु त्या वस्तू कोणत्या हे पाहणे आवश्यक आहे. फुटक्या कपबश्या, बांगड्या, फरश्यांचे तुकडे आणि विजेच्या जोडणीतील चिनी मातीचे भाग यांना उन्हाचे भय नाही. ते भट्टीतून निघालेले पदार्थ आहेत आणि सिमेंटात बसविल्यावर ते दगडासारखेच वागतात. त्या उद्यानाची प्रेरणा घ्यावी. त्याच्या टिकाऊपणाचा हवाला प्लास्टिकला देता येत नाही.

म्हणून रचनेचा विचार करण्यापूर्वी हातातील प्लास्टिक कोणते हे ओळखले पाहिजे. तळाशी त्रिकोणात छापलेला 1 ते 7 पैकी अंक हे पहिले साधन होय. ही पद्धती अमेरिकेतील प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने 1988 मध्ये सुरू केली. अंक नसल्यास बादलीभर पाणी पुरते. पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांची घनता पाण्याहून कमी असल्याने त्यांचे तुकडे तरंगतात. पीईटी, पीव्हीसी आणि पॉलिस्टायरीन बुडतात. बुडालेले तुकडे मिठाच्या संपृक्त द्रावणात टाकल्यास पॉलिस्टायरीन वर येते. पाण्यात साबणाचा एखादा थेंब घालावा, नाहीतर चिकटलेले हवेचे बुडबुडे फसवितात. बाटली व तिचे झाकण निरनिराळ्या प्लास्टिकचे असतात ही साधी गोष्टही या परीक्षेत तत्काळ दिसून येते.

बाटलीत कोरड्या पिशव्या व वेष्टने ठासून केलेली ‘इकोब्रिक’ ही सध्या फार लोकप्रिय आहे. तिची घनता दर मिलिलिटरास किमान 0.33 ग्रॅम असावी, असे तिच्या पुरस्कर्त्यांचे मान आहे. अर्थात एक लिटर बाटलीत 330 ग्रॅम माल गेला पाहिजे. या आकड्यात बाटलीचे वजनही धरतात. ते अल्प असल्याने पुढील हिशेबात सोडून दिले आहे. दुधाच्या अर्धा लिटर पिशवीचे वजन सुमारे 3 ग्रॅम धरल्यास एका विटेस 110 पिशव्या लागतात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या कुटुंबास एक वीट भरावयास जवळजवळ दोन महिने लागतील, आणि 8 सेंटिमीटर व्यासाच्या बाटल्या ओळीने पुरून 5 मीटर लांबीचा काठ करावयाचा तर 62 विटा हव्यात. केवळ दुधाच्या पिशव्यांवर हा काठ नऊ वर्षांत पुरा होईल. इतर वेष्टने जमेस धरली तरी काम लवकर संपत नाही. त्यामुळे पुष्कळ बाटल्या अर्धवट भरल्या जातात आणि त्या उन्हात दबतात. हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. या पाच मीटरांच्या काठात सुमारे 20 किलो पातळ पापुद्र्यांचे प्लास्टिक बंदिस्त असते व त्याला अडवून धरणारी भिंत पीईटीच्या एका पातळ कवचाची असते. हे कवच उघडे ठेवल्यास वीट हे साठवण नसून केवळ पुढे ढकललेले विखुरणे ठरते. चिखलाचा वा चुन्याचा गिलावा देऊन ती पूर्णपणे झाकली असता प्रकाश पोहोचत नाही आणि प्रकाश-ऑक्सिडीभवन जवळजवळ थांबते. गिलाव्याखाली बाटलीची पारदर्शक शोभा दिसत नाही, ही तक्रार रास्त आहे. परंतु शोभा व टिकाऊपणा यांतून येथे एकच निवडता येते.

फळ्या व बाके यांची गोष्ट वेगळी. येथे माल जाड असतो, आणि नाश पृष्ठभागापासून आत सरकत असल्यामुळे जाडी हेच मोठे संरक्षण होते. येथील अडचण यांत्रिक आहे. उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनाचा स्थितिस्थापकता गुणांक 1 गिगापास्कलच्या आसपास, तर सागवानाचा त्याच्या दहापट आहे. सारख्याच मापाची फळी सारख्याच भाराखाली दहापट वाकेल. समान पसरलेल्या भाराखालील वाक हा आधारांमधील अंतराच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. म्हणून सागवानी बाकास मीटरभर अंतराने पाय चालत असतील, तर प्लास्टिकच्या बाकास ते 55 सेंटिमीटरांवर द्यावे लागतात. त्यात भर म्हणजे पॉलिएथिलीन स्थिर भाराखालीही हळूहळू वाकत राहते आणि उन्हाळ्यात हे वाकणे वाढते. प्रसरणाचा विचारही सुटता कामा नये. दोन मीटर लांबीची फळी थंडीतील पहाट आणि वैशाखातील दुपार यांमधील 50 अंशांच्या फरकाने 12 मिलिमीटर वाढते. तिच्याखालची लोखंडी पट्टी मात्र सव्वा मिलिमीटरच वाढते. बोल्टची छिद्रे गोल ठेवल्यास फळी कमानीसारखी उचलली जाते वा छिद्रापाशी चिरते. ती लांबट ठेवावीत. निरनिराळी प्लास्टिके एकत्र वितळवून फळी केल्यास ती परस्परांत मिसळत नाहीत, त्यांच्या सीमारेषा दुर्बळ राहतात आणि चीर तेथूनच पडते. वर सांगितलेली बादलीची परीक्षा म्हणूनच केवळ कुतूहलाची नाही.

वितळविण्याचे काम घरी करू नये. पीव्हीसी 200 अंशांच्या पुढे हायड्रोजन क्लोराइड सोडते, जळाल्यास डायॉक्सिने बनतात, आणि परसातील चुलीवर वितळणे व जळणे यांमधील सीमा कोणासही राखता येत नाही. वाळू व प्लास्टिक यांच्या फरश्या नियंत्रित तापमानाच्या यंत्रावरच व्हाव्यात. वाळूमुळे त्यांचे प्रसरण घटते, पण पायांच्या घासण्याने त्यांतून कण सुटतच राहतात. वर्दळीच्या वाटेपेक्षा क्वचित वापराच्या जागी त्या बऱ्या.

रंगाविषयी एवढेच की पॉलिएथिलीन व पॉलिप्रोपिलीन यांची पृष्ठऊर्जा अल्प असल्याने नेहमीचा रंग त्यांवर धरत नाही, आणि सुटलेल्या पापुद्र्यांतला रंगही बहुधा प्लास्टिकच असतो. कुंडीच्या तळाशी छिद्र नसल्यास एडिस डासांची पैदास होते; त्यांची अंडी कोरडी पडूनही कित्येक महिने जिवंत राहतात. थर्मोकोलचा विचारच नको. महाराष्ट्रात 2018 च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आली, तरी गणेशोत्सवाच्या जुन्या मखरांचे तुकडे माळ्यावर सापडतात. बागेत ते एका पावसाळ्यात मणीमणी होऊन गटारातून नदीस मिळतात.

या सर्व विवेचनात खरा प्रश्न मातीचा आहे. रिचर्ड थॉम्पसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये समुद्रकिनाऱ्यांवरील वाळूत व गाळात प्लास्टिकचे सूक्ष्म कण दाखवून दिले, तेव्हापासून अशा कणांचा अभ्यास समुद्रात पुष्कळ व जमिनीवर उशिरा झाला. वाफ्यात पडलेली पाच मिलिमीटरांहून लहान कपची वेचून काढण्याचा घरगुती मार्ग नाही. माती चाळली तरी मुळे, काड्या व शेणखत यांबरोबर ती पुन्हा परत येते. म्हणून जी रचना मोडावयास लागताच अखंड उचलून नेता येत नाही, ती कितीही सुंदर असली तरी सदोष समजावी. सिमेंटात रुतवलेली झाकणांची नक्षी आणि मातीत पुरलेल्या उघड्या बाटल्या या कसोटीस उतरत नाहीत. खिळ्यांऐवजी बोल्टांनी जोडलेले बाक, आणि जाड कॅनच्या, सावलीत मांडलेल्या कुंड्या उतरतात. त्यांच्यावरून दर वर्षी पावसाळ्यापूर्वी ओले न केलेले बोट फिरवून पाहावे. बोटाला पांढरी भुकटी लागली की ती वस्तू अजून अखंड असतानाच भंगारवाल्याकडे द्यावी. त्या अवस्थेत तिला काही भाव येतो, भेगा पडल्यानंतर येत नाही. कॅन कापताना पडणारा करवतीचा भुसाही खाली फडके अंथरून गोळा करावा, कारण पहिले कण मातीत जातात ते ऊन लागण्यापूर्वीच, याच करवतीतून.